ओरडणारे ब्रेक

फळ्यावर कोरा खडू किंचाळला की वर्गातले निम्मे विद्यार्थी कानांवर हात ठेवतात. अनुभवी शिक्षक अशा वेळी काय करतात? खडूचे मधोमध दोन तुकडे करतात आणि त्यांतल्या एकाने पुढे लिहू लागतात. आवाज बहुधा बंद होतो. फळा तोच, खडू तोच, हाताचा दाबही तोच. घर्षण काही कमी झालेले नाही. मग आवाज गेला कुठे?

हा प्रश्न ज्याला सुटला त्याला मोटारीचे ब्रेक का ओरडतात हेही कळेल. त्यावर घरच्या घरी काय करता येते आणि काय मुळीच करू नये, हेही कळेल. यातल्या ‘करू नये’वर माझा भर अधिक आहे. कारण कुठे काही करकरले की तेलाची बुधली शोधणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. बिजागरी वाजली, घाल तेल. शिवणयंत्र वाजले, घाल तेल. मग ब्रेकलाच का नको? बिजागरीत आपल्याला घर्षण नको असते आणि ब्रेकमध्ये घर्षणच हवे असते, म्हणून नको. तेल लागलेला ब्रेक गप्प बसतो खरा, पण मग तो गाडीही थांबवत नाही.

एका किंकाळीची किंमत

आधी रचना पाहू. बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे बिडाची जाड चकती. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या कडेवर कॅलिपर नावाचा एक जबडा बसवलेला असतो, तो मात्र चाकाबरोबर फिरत नाही. या जबड्यात चकतीच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे पोलादी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणद्रव्याचा थर. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब नळीतून पिस्टनवर येतो (पास्कलचा नियम तुम्ही शिकलाच आहात) आणि पॅड चकतीला दोन्हीकडून चिमटीत पकडतात. ड्रम ब्रेकमध्ये हेच आतून बाहेर घडते. फिरणाऱ्या डब्याच्या आतल्या अंगावर दोन कमानदार शू दाबले जातात. गाडी थांबताना तिचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचे अधिक काम पुढचेच ब्रेक करतात, आणि ओरडाही बहुधा तिथूनच येतो.

आता थोडे गणित करू. समजा १००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, या वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा ½ × १००० × १५ × १५ = १,१२,५०० ज्यूल. चालकाने ती ४ सेकंदांत थांबवली, तर जवळजवळ ही सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने चकती आणि पॅड यांत जाईल.

यातली आवाजाच्या वाट्याला किती येते? एक मीटर अंतरावर १०० डेसिबल आवाज येतो असे धरू. हा आवाज कानठळ्या बसवणारा म्हणायला हरकत नाही. या आवाजाची तीव्रता दर चौरस मीटरला ०.०१ वॉट असते. एक मीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १२.६ चौरस मीटर. म्हणजे ब्रेकमधून आवाजाच्या रूपाने सुमारे ०.१२६ वॉट शक्ती बाहेर पडते आणि ४ सेकंदांत अर्धा ज्यूल ऊर्जा जाते. गाडीच्या ऊर्जेचा सव्वादोन लाखांतला एक भाग! एवढ्याशा ऊर्जेने सगळी गल्ली वळून पाहते.

या आकड्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आवाजावरून ब्रेकची ताकद ठरवता येत नाही. ओरडणारा ब्रेक उत्तम पकडत असेल आणि मुका ब्रेक निकामी असेल, हे अगदी शक्य आहे. दुसरी गोष्ट अधिक कामाची. आवाज बंद करण्यासाठी घर्षण कमी करण्याची गरजच नाही. तो अर्धा ज्यूल ज्या वाटेने बाहेर पडतो, तेवढी वाट अडवली की पुरे.

गज, पत्रा आणि पेला

ही वाट कोणती ते सारंगी सांगेल. गजाचे केस तारेला धरून बाजूला ओढतात. तारेतला ताण वाढत जातो. तो स्थितिक घर्षणाला आवरेनासा झाला की तार सुटते आणि झपकन मागे येते. गतिक घर्षण स्थितिक घर्षणापेक्षा कमी असल्यामुळे ती चांगली लांब निसटते, मग पुन्हा पकडली जाते. धरणे आणि सुटणे, धरणे आणि सुटणे, हे सेकंदाला शेकडो वेळा चालते. हेल्महोल्ट्झने या हालचालीचा प्रथम छडा लावला. पुढे आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याला या विषयावर सखोल संशोधन करून १९१८ साली त्याची यांत्रिक उपपत्ती प्रसिद्ध केली. प्रकाशाच्या विकिरणाचे रामन सर्वांना ठाऊक असतात, तारेचे रामन फारसे कोणाला ठाऊक नसतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

गजाने फक्त तारच वाजते असे नाही. क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात धातूच्या पातळ पत्र्यावर वाळू पसरून पत्र्याच्या कडेवरून गज ओढण्याचे प्रयोग आहेत. पत्रा वाजू लागे आणि वाळू सरकून न हलणाऱ्या रेषांवर गोळा होई. ब्रेकची चकती म्हणजे क्लाड्नीचा पत्रा आणि पॅड म्हणजे त्याचा गज, एवढे लक्षात ठेवा. फरक इतकाच की इथे गज जागेवर असतो आणि पत्रा फिरतो.

हा प्रयोग तुम्हाला आज रात्री जेवणाच्या वेळीही करता येईल. पातळ काचेच्या पेल्यात थोडे पाणी घ्या. बोट स्वच्छ धुऊन ओले करा आणि हलक्या दाबाने पेल्याच्या काठावरून गोल फिरवा. थोड्या सवयीने पेला गाऊ लागेल. आता बोट जरा हळू फिरवा, मग जरा भरभर. सूर बदलतो का? नाही. आवाज लहानमोठा होईल, पण सूर तोच राहील. कारण सूर बोट ठरवत नाही, पेला ठरवतो. प्रत्येक वस्तूची कंप पावण्याची तिची स्वतःची कंप्रता असते (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने). घर्षण फक्त ऊर्जा पुरवते. ब्रेकच्या किंकाळीची कंप्रता बहुधा १,००० ते १६,००० हर्ट्झ या पट्ट्यात असते, आणि गाडी मंदावत गेली तरी ती फारशी उतरत नाही. ही खूण पुढे उपयोगी पडणार आहे.

खडूचे कोडेही आता सुटले. अर्ध्या खडूची स्वतःची कंप्रता पुष्कळ वाढते, शिवाय बोटांच्या चिमटीतला आखूड तुकडा सहजी थरथरत नाही. घर्षण पूर्वीइतकेच असते, पण वाजणारी वस्तू बदललेली असते.

ब्रेकच्या बाबतीत ही उपपत्ती पुरेशी आहे का? १९३८ साली इंग्लंडमध्ये मिल्स याने ब्रेकच्या आवाजाचा अभ्यास केला. घसरण्याचा वेग वाढला की ज्या लायनिंगचे घर्षण कमी होते ते अधिक ओरडते, असा त्याचा निष्कर्ष होता. गजाच्या कथेशी हे जुळते. पण घर्षणांक जवळजवळ स्थिर असतानाही ब्रेक ओरडतात. १९६१ च्या सुमारास स्पर याने याचे कारण भूमितीत शोधले. त्यासाठीही खडूच घ्या. खडू फळ्याला टेकवा आणि वरचा भाग किंचित मागे झुकलेला ठेवून टोक पुढे ढकलत न्या. तो अडखळत, टणटण उड्या मारत जाईल आणि रेघेऐवजी ठिपक्यांची ओळ उमटेल. हाच खडू उलट दिशेने ओढत न्या, सरळ रेघ येईल. ढकलताना घर्षण खडूला फळ्यात रुतवते. रुतल्याने दाब वाढतो, दाबाने घर्षण वाढते आणि घर्षणाने आणखी रुतते. घर्षणांक ०.४ असेल, तर लंबापासून सुमारे २२ अंशांपेक्षा कमी झुकलेली ताठ काठी अशी पूर्णच अडकते. प्रत्यक्षात काठी थोडी वाकते आणि सुटते, की पुन्हा तेच चक्र. म्हणजे पॅड चकतीला कोणत्या कडेने, किती तिरपा टेकतो यालाही महत्त्व आहे. चकती पॅडखाली जिथून शिरते त्या कडेवरच सगळा दाब आला, तर ओरडण्याचा संभव वाढतो.

नुसते कान देऊन ऐका

जॅक काढण्यापूर्वी चार दिवस नुसते ऐका. आवाज केव्हा येतो, केव्हा जातो, याची वहीत नोंद करा. मिस्त्रीलाही ‘ब्रेक वाजतात’ यापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडेल.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या चारपाच वेळा ब्रेक दाबताना आवाज येतो आणि मग जातो, असे असेल तर काही करू नका. बीड म्हणजे लोखंडच. दमट हवेत एका रात्रीत चकतीवर गंजाचा पातळ थर चढतो आणि पॅड तो घासून काढतात. कोकणात राहणाऱ्यांना हे नवीन नाही.

गाडी हळू होत जाते तसा आवाजही ‘खर्र… खर्र… खर्र’ असा सावकाश होत गेला, तर ती खरी किंकाळी नव्हे. चाकाच्या एका फेऱ्यात एकदा काहीतरी लागत आहे. लहान मोटारीच्या टायरचा घेर सुमारे १.७ मीटर असतो. ताशी १८ किलोमीटर वेगाला चाकाचे सेकंदाला जवळजवळ ३ फेरे होतात. आवाजही सेकंदाला तीनदा येत असेल तर चोर सापडला. चकतीमागचा पातळ पत्रा वाकून घासत असेल, त्यात खडा अडकला असेल, किंवा चकती एका जागी वेडीवाकडी झाली असेल. पत्रा हाताने सरळ करता येतो, खडा काढता येतो, वाकडी चकती मात्र गॅरेजचे काम आहे.

ब्रेक न दाबताही बारीक ‘चीं’ येते आणि पेडलवर पाय ठेवताच ती बदलते किंवा थांबते, अशी नोंद असेल तर कान टवकारा. पुष्कळ पॅडांना एक छोटी पोलादी जीभ लावलेली असते. घर्षणद्रव्य झिजून दोनतीन मिलिमीटर उरले की ही जीभ चकतीला लागते. हा आवाज बिघाड नव्हे, कारखान्याने मुद्दाम ठेवलेला निरोप आहे. पॅड बदला. निरोप ऐकला नाही, तर थोड्या दिवसांनी ‘चीं’ जाऊन खरखर सुरू होते. तेव्हा पॅडचे पोलाद चकतीचे बीड कापत असते. अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये, ओढून न्यावी.

आणि आवाज दर वेळी येतो, सूर एकच असतो, गाडी थांबता थांबता जोर धरतो, अशी नोंद असेल तर तो क्लाड्नीचा पत्रा. घरचा इलाज यालाच.

मात्र त्याआधी एकदा आठवा, गाडी नुकतीच घाट उतरली होती का? खंडाळ्याहून खोपोलीला येताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. १००० किलोग्रॅमच्या मोटारीची स्थितिज ऊर्जा १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख ज्यूलने कमी होते. मघाच्या हिशेबाने ही ऊर्जा गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगावरून सुमारे ४३ वेळा थांबवण्याइतकी आहे. चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, तर यातला मोठा वाटा इंजिन आणि हवा उचलतात. गिअर न बदलता नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा हा सगळा भार पॅडांवर टाकतो. पॅड अतिशय तापतात आणि त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत, कठीण होतो. असा पॅड ओरडतो आणि नीट धरतही नाही. यंत्रशास्त्राचे पुस्तक न वाचलेले जुने ट्रकचालक ‘ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हा नियम पाळत आले आहेत, तो याचसाठी.

चाक काढल्यावर

हे काम घरातल्या जाणत्या माणसाबरोबर करायचे आहे. एकट्याने नाही.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा. हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांना पुढूनमागून दगड किंवा ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावून गाडी उचला, भक्कम स्टँडवर टेकवा आणि नंतरच चाक काढा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. चाक काढल्यावर आत काळपट भुकटी दिसेल. ती फुंकू नका, झाडू नका, हवेच्या पंपाने उडवू नका.

याला इतिहास आहे. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि धातूवर धातू घासून भयंकर आवाज होई. १९०७ साली हर्बर्ट फ्रूड याने पॅडांना ॲस्बेस्टॉसचे अस्तर दिले आणि हा गोंगाट आटोक्यात आला. ॲस्बेस्टॉस उष्णता सोसते, स्वस्त असते, म्हणून पुढे अनेक दशके ते जगभर ब्रेकमध्ये वापरले गेले. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर कर्करोग होतो, हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. तुमच्या गाडीतल्या पॅडमध्ये ते आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून प्रत्येक ब्रेकची भुकटी विषारी समजायची. तोंडावर मास्क बांधा, साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने ती पुसा आणि फडके पिशवीत बंद करून टाका.

एका वेळी एकच बाजू उघडा. पुन्हा जोडताना शंका आली तर दुसरी बाजू पाहता येते. कॅलिपर सोडवल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधून ठेवा. आणि तो सुटा असताना कोणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येईल.

आता पॅड पाहा. थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल, त्याला तडे गेले असतील किंवा तेल-ग्रीस लागले असेल, तर नवे पॅड आणा, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदला. तेल पॅडमध्ये मुरते, ते पेट्रोलने धुऊन निघत नाही. थर जाड आहे पण नुसता चकचकीत झाला आहे, असे असेल तर पॉलिश पेपर काचेच्या सपाट तुकड्यावर पसरा, पाण्याने ओला करा आणि त्यावर पॅड हलक्या हाताने फिरवून चकाकी घालवा. ओला का, हे वर आलेच आहे. पॅड एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी झिजला असेल, तर स्परचा खडू आठवा. कॅलिपर ज्या दोन खिळांवर सरकतो ते बहुधा जाम झालेले असतात. ते काढून पुसा आणि ब्रेकसाठी मिळणारे उष्णतारोधक सिलिकोन ग्रीस लावून बसवा. साधे ग्रीस नको, त्याने रबराच्या टोप्या फुगतात.

यानंतर खरा इलाज, कंपन शोषून घेण्याचा. स्टीलचे ताट बोटावर तोलून चमच्याने वाजवा, ते घणघणत राहील. बिडाचा तवा वाजवा, ‘ठक’ होऊन थांबेल. बिडात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात, त्या कंपने गिळतात. चकती बिडाची करतात त्याचे हे एक कारण आहे. आता ताटावर ओले फडके पसरून वाजवा, ताटही मुके होईल. पॅडच्या पाठीला हेच फडके लावायचे असते. त्याला शिम म्हणतात. शिम म्हणजे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये रबरासारखा चिवट थर. पॅड थरथरला की हा थर घुसळला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. मघाचा अर्धा ज्यूल इथे अडतो. पुष्कळ गाड्यांत हे शिम गंजलेले, सुटलेले किंवा मागच्या दुरुस्तीत फेकून दिलेले आढळतात. नवे आणून लावा. पॅडची पाठ पिस्टनला आणि जबड्याला जिथे टेकते तिथेच ब्रेक ग्रीसचा पातळ हात द्या. पाठीला, पोटाला नव्हे! घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा ठिपका लागला तरी पॅड बाद समजा.

पॅडच्या कडा कानशीने तिरप्या करण्याचा सल्ला काही लोक देतात. पुष्कळ पॅडांना कारखान्यातच तशा कडा दिलेल्या असतात. घरी घासून भुकटी उडवण्यापेक्षा तसे पॅड विकत आणावेत, असे माझे मत आहे.

सगळे जोडून झाले की गाडी हलवण्यापूर्वी पेडल टणक लागेपर्यंत दाबत राहा. आत ढकललेला पिस्टन पुन्हा जागेवर यायला तेवढे दाबावे लागते. हे विसरले तर पहिल्या वळणावर पेडल तळाला जाईल. पॅड नवे असतील, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ किलोमीटरपर्यंत, पूर्ण न थांबता, दहाबारा वेळा बेताने वेग कमी करावा आणि मध्ये ब्रेक निवू द्यावेत. त्याने पॅडचा पृष्ठभाग चकतीशी जुळतो.

पत्र्याचा सूर मोजा

चाक काढलेच आहे, तर प्रयोगही करून घ्या. पॅड काढलेले असताना चकती हबवर सैल वाटली, तर दोन नट आवळून घट्ट बसवा. आवाजाचा वर्णपट दाखवणारे ॲप मोबाईलवर फुकट मिळते. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने चकतीच्या कडेवर हलकेच टिचकी मारा आणि कोणत्या कंप्रतांवर शिखरे येतात ते लिहा. त्यांची तुलना दुरुस्तीपूर्वी गाडीत बसून टिपलेल्या किंकाळीशी करा. ती टिपताना गाडी मोठ्यांनी चालवायची, तुम्ही शेजारी बसायचे. ताशी ३०, २० आणि १० किलोमीटर वेगांना कंप्रता वेगवेगळी येते की तीच राहते? किंकाळीजवळ चकतीचे एखादे शिखर आहे का? आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण चकतीला पॅड चिकटले की दोघांचे मिळून एक नवे वाद्य होते. किती फरक पडतो तेही नोंदवा.

ज्यांच्या घरी मोटार नाही त्यांनी सायकल घ्यावी. रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे रबरी ठोकळे असलेली सायकल हवी. ठोकळ्याचा नट सैल करा. ठोकळ्याचे पुढचे टोक रिमला आधी लागेल आणि मागच्या टोकाशी सुमारे एक मिलिमीटर फट राहील, असा तो किंचित तिरपा बसवून नट आवळा. आता चाक फिरवून ब्रेक दाबा, आवाज ऐका. मग मुद्दाम उलटा तिरपा बसवून पुन्हा ऐका, आणि पुढच्या चाकाला रिम ठोकळ्यात कोणत्या टोकाने शिरते ते पाहा. प्रयोग झाला की ठोकळा पहिल्यासारखा बसवायला विसरू नका.